जाताना एक, येताना एक

नाना, तुमच्या दहाव्याला आले तेव्हा माझ्या पिशवीत प्रस्ताव होता. सहावी प्रत. कशाला आणली होती ते मलाही सांगता येणार नाही. आमच्या घरात दहावं करत नाहीत, त्यामुळे कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं. नदीकाठच्या दगडांवर तुमची माणसं बसली होती, तुमचा मुलगा पिंडाकडे बघत होता, आणि मी पिशवी पोटाशी धरून मागे उभी होते. तिसऱ्या पानावरच्या एका शब्दावरून आपलं भांडण अर्धं राहिलं होतं. ते आता कुणाशी पुरं करायचं, एवढंच डोक्यात चाललं होतं. रडू आलं नाही. दमले होते. अजूनही दमलेलीच आहे, म्हणून सरळ लिहिते. सजवायची ताकद नाही.

तुमच्याकडे मला बाबांनी पाठवलं होतं. भौगोलिक माहितीशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव लिहायचा होता, आणि मोजणीचे जुने कागद वाचता येणारं माणूस आमच्या विभागात कुणी नव्हतं. बाबा म्हणाले, "कशेळ्याला एक निवृत्त मोजणीदार आहेत. मी त्यांच्या मोजणीच्या साखळीवर बसलो होतो." मला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. पण तुम्ही मला दारातच सांगितलंत, "बसला व्हता म्हंजे? मांडी घालून बसला. मोजणी हुऊ देनार नाय म्हनून. मी म्हटलं, बस बाबा, पण सावलीत तरी बस. साखळी तिकडं बी जाती."

एका कारखान्यासाठी जमीन मोजायला तुम्ही गेला होता आणि बाबा तुम्हाला अडवायला. दुपारी दोघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्लीत. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि मोजणी झाली. बाबांनी तुमच्याविरुद्ध पत्रक काढलं, तुमचं नाव मोठ्या अक्षरात, आणि पहिली प्रत तुम्हाला घरी नेऊन दिली. तुम्ही ती वाचून एक चूक काढून दिलीत. गट नंबर चुकला होता.

मी अशा पत्रकांवरच वाढले. मोहोपाड्याच्या कॉलनीत आमच्या खोलीत सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्यावर चादर टाकून पाहुण्यांना बसवायचे. वाचायला शिकले ते 'कामगार बंधूंनो' वाचून. बाबांचा एक नियम होता: ज्याच्यावर आरोप करायचा त्याचं नाव लिहायचं, आणि खाली आपलंही लिहायचं. नाव नसेल तर ते पत्रक नाही, चहाडी.

त्यामुळे माझी पहिली प्रत कशी असणार ते उघड होतं. शीर्षक 'हिरावलेल्या वाटा'. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या डोंगरवाड्या, त्यांचे सगळे पाणवठे, सगळ्या पायवाटा आणि त्या बंद करणारी सगळी फार्महाऊसं. एका वर्षात, एकटीने. ओसरीवर बसून तुम्ही ती नऊ पानं वाचलीत, कानामागची पेन्सिल काढून काही शब्दांना गोल केलेत, आणि गोल मोजलेत.

"अन्याय अकरा येळा. निषेध चार. ह्यो प्रस्ताव हाय का मोर्चा?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मंग मोर्चा कुठनं कुठवर ते तरी लिव. वाट हिरावली म्हनतेस. कुठली? किती लांब? सुरू कुठं, संपती कुठं?"

नऊ पानांत एकाही वाटेची सुरुवात किंवा शेवट नव्हता. आतून काकू म्हणाल्या, "चहा घे गं आधी. मंग त्यांची उलटतपासणी."

मार्गदर्शक मॅडमनीही समासात तेच लिहिलं होतं: 'तुमचा प्रश्न कोणता?' पण मॅडमवर मला चिडता येत नव्हतं, तुमच्यावर येत होतं. म्हणून दर रविवारी कर्जतहून वडाप जीप पकडून मी तुमच्याकडे चिडायला यायची. दोन तालुक्यांचा एक झाला. सगळ्या वाड्यांच्या वीस झाल्या, वीसच्या पाच. प्रत्येक वेळी एखाद्या वाडीवर रेघ मारताना मला गद्दारी केल्यासारखं वाटायचं आणि मी ते तुम्हाला तोंडावर सांगायची. तुम्ही पेन्सिलीला टोक काढत ऐकून घ्यायचात.

"एक वाट नीट मोज," तुम्ही म्हणायचात. "ती बघून बाकीच्यांना आपली मोजता यील. धा वाटा अर्ध्या मोजल्यास, तर कुनाच्याच कामाला नाय."

"आणि तोवर त्यांनी गप्प बसायचं?"

"बोंबलायचं की. पण पत्रक आपल्या मान्साला देतात, पोरी. नकाशा समोरच्या वकिलाच्या हातात जातो. तो फाडाय बसलेलाच असतो."

मी विचारलं होतं, नकाशा कुणाच्या सांगण्यावरून काढला ते नकाशा बघणाऱ्याला कधी कळतं का. तुम्ही म्हणालात, अर्जदाराचं नाव असतं की खाली. मी म्हटलं, ज्याची वाट गेली त्याचं कुठे असतं? त्यावर तुम्ही पेन्सिल कानामागे खोचून उठलात. आणखी काही रविवार मिळाले असते, तर त्याचं उत्तर मी तुमच्याकडून काढून घेतलं असतं.

मोजायचं कसं, ते मात्र तुम्ही शिकवलंत. जाताना एक, येताना एक. कुठलीही रेघ दोनदा चालायची, एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या. दोन्ही जुळल्या तर कागदावर घ्यायची. नाही जुळल्या तर दोन्ही खोट्या, तिसऱ्यांदा जायचं. मी म्हटलं, माझ्या फोनला उपग्रह जागा सांगतो, दोनदा कशाला चालू? तुम्ही हसलात. "उपग्रहाचे पाय दुखत नायत. तो काय बी सांगल."

शेवटी एकच वाडी उरली. तिचं नाव इथे लिहीत नाही. डोंगराच्या पायथ्याला घरं, वर झरा, आणि मधल्या उतारावर एका फार्महाऊसचं तारेचं कुंपण. पूर्वी वाडीतल्या बायका उतारावरून सरळ झऱ्यावर जायच्या. आता कुंपणाला वळसा घालून, डोंगराची एक सोंड ओलांडून जातात. हंडे तेच, वाट तिप्पट. वाडीने अर्ज केले होते. प्रत्येक वेळी उत्तर आलं की मोजणीत वाट आढळत नाही. ते सगळे कागद जाईबाई नावाच्या म्हातारीने पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. मॅडम म्हणाल्या, प्रस्ताव मंजूर झाला तर विभागाचं अचूक मोजणारं यंत्र मिळेल आणि विभागाच्या शिक्क्याचा नकाशा वाडीला अर्जासोबत जोडता येईल. इतकं सगळं त्या प्रस्तावावर अवलंबून होतं.

जुन्या गाव नकाशात ती वाट तुटक रेघेने दाखवलेली होती. नंतरच्या मोजणीच्या कागदात नव्हती. मी दोन्ही कागद संगणकावर एकमेकांवर बसवले, खाली उपग्रहाचं चित्र घातलं, आणि मला वाटलं, सापडला चोर. पाचव्या प्रतीत लिहिलं: 'मोजणी करणाऱ्याने ही वाट जाणीवपूर्वक वगळली.' आणि रविवारी तुमच्या ओसरीवर ते मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज चढवून, बाबा सभेत वाचतात तसं.

तुम्ही म्हणालात, "तो कागद दे इकडं."

मी लॅपटॉप वळवला. तुम्ही कागदच मागितलात. चष्मा धोतराच्या टोकाने पुसलात आणि कोपऱ्यातल्या उत्तरेच्या बाणावर बोट ठेवलंत. तुमच्या बाणाला माशासारखी शेपटी असायची. कितीतरी कागदांवर मी ती पाहिली होती, त्यावरून तुमची थट्टाही केली होती. हाच कागद महिनाभर पडद्यावर मोठा करकरून पाहिला होता. पण शिक्क्याखाली सही पुसट झाली होती, म्हणून मी सहीच शोधत बसले. बाण पाहिलाच नाही.

"ह्यो मीच मोजलाय," तुम्ही म्हणालात.

काकूंचं तांदूळ पाखडणं थांबलं.

"वर जाताना मोजत गेलो. मधी कातळ लागतो, त्याच्यावर पावलं उमटत नायत. वाट दिसत नाय. वरनं बघितली तर दिसती, गवतातली रेघ. येताना चालत यायचं व्हतं. मालकानं वरच्या रस्त्याला जीप आणलेली. जेवन तयार हाय म्हनला. ऊन व्हतं. दमलो व्हतो. बसलो जीपमधी."

"पण गाव नकाशात होती ना वाट? माहीत होती तुम्हाला."

"व्हती. साहेबानं इचारलं, जागेवर दिसली का? म्हटलं, नाय दिसली." तुम्ही कागदाची घडी घातलीत. "खोटं नव्हतो बोललो. तेच तर वाईट हाय."

मी तेव्हा काय म्हणाले ते तुमच्या कानात असेल. "दमणं हा बचाव नाही, नाना. तुम्ही एक दिवस दमलात. त्या बायका अजून दमतायत." वाक्य चांगलं जमलं होतं. पत्रकात शोभलं असतं. ते खोटं नव्हतं आणि आजही मागे घेत नाही. पण तुम्ही कागद मांडीवर घेऊन बसला होता आणि मी उभी राहून, बोट रोखून बोलत होते. आज बोलायचं झालं तर तेच बोलेन, पण शेजारी बसून.

"नाव घाल माझं," तुम्ही म्हणालात.

"घालणारच."

आणि घरी येऊन मला ते घालता आलं नाही. तीन संध्याकाळी प्रयत्न केला. ज्या माणसाने प्रत्येक वाटेला सुरुवात आणि शेवट विचारायला शिकवलं, त्याचं नाव त्या वाक्यात टाकलं की पुढे काही सुचेना. सहाव्या प्रतीत मी लिहिलं: 'तत्कालीन मोजणीदाराकडून वाटेची नोंद राहून गेली.' जाणीवपूर्वक गेलं, चोर गेला, सगळंच गुळगुळीत झालं. मॅडमना ती प्रत आवडली. तुम्हाला मी ती फोनवर पाठवली आणि दहा मिनिटांत तुमचा फोन आला.

"तत्कालीन म्हंजे कोन गं? मी अजून हाय."

"नाना, प्रस्तावात माणसाचं नाव घालत नाहीत. पद्धत नाही."

"तुझ्या बापाच्या पत्रकात व्हतं माझं नाव. तवा राग नाय आला. आज आला."

"रविवारी येते, बोलू."

त्या रविवारी आले नाही. मॅडमनी एक काम दिलं होतं, हे खरं आहे. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच काम नव्हतं, हेही खरं आहे. मग काकूंचा फोन आला.

तर दहाव्याला मी मागे उभी होते. तेवढ्यात कुणीतरी माझ्या दंडाला चिमटा काढला. जाईबाई. वाडीतून आणखी दोघी आल्या होत्या, जरा लांब बसल्या होत्या.

"काय गं मोजनारे? तुजा नाना वर आलता आमच्याकडं."

मी विचारलं, कधी.

"जायच्या आधी आठ-धा दिस. पिशवीत चुना घेऊन. माजा जावई तितं राखनदार हाय ना, त्याला म्हनला, गेट उघड. मालक काय शनवार-रयवारच येतो. मंग माज्या वट्यावर बसला नि म्हनला, जाईबाय, तुमची वाट मी खाल्ली."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हटलं, आदी पानी पी. फिरून आनलेलं हाय." ती नदीकडे बघत होती. "प्यायला. तांब्याभर प्यायला. मंग म्हनला, चल दाव, तुजी आई कुठनं जायची."

मी महिनाभर ज्या शब्दावर अडून बसले होते, तो पेच तुम्ही त्या वट्यावर एका वाक्यात सोडवून आला होता. आणि मला सांगितलं नाहीत. रागावला होता म्हणून, की मी विचारायला आलेच नाही म्हणून, हे आता कळायचं नाही. नाना, मी एकच गोष्ट विचारली, तीही तुम्हाला नाही, काकूंना. माझ्या त्या कागदामुळे तुम्ही डोंगर चढलात का, आणि त्या चढण्याने हे झालं का. काकू भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, "डाक्टर नको म्हनला व्हता. मी नको म्हटलं व्हतं. आमचं दोघांचं नाय ऐकलं, तुझ्या कागदाचं काय ऐकतोय. वरनं आला नि म्हनला, भूक लागली. लई दिसांनी म्हनला." मग त्यांनी माझ्या हातात एक ताट दिलं पुसायला. मी ते बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी वर गेले. राखणदाराने गेट उघडलं, मालक नव्हता. जाईबाई काठी टेकत पुढे, मी फोन हातात धरून मागे. वाटेतल्या दगडांवर चुन्याचे ठिपके होते. इथे एक, वीस-पंचवीस पावलांवर दुसरा. कातळापर्यंत नीट लागले. कातळावर मला काही दिसेना, म्हणून मी डावीकडून अंदाजाने चढले आणि वर झऱ्यापाशी निघाले. जाईबाई माझ्या मागून हसत आली. "तू पन त्याच्यासारखीच. सायबाच्या चालीनं."

वर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं. या वाटेवर मी याआधी तीनदा आले होते, असंच गेट उघडून घेऊन. तिन्ही वेळा चालत वर आले आणि वरच्या रस्त्याने जीपने खाली गेले. त्या रस्त्यावरून कर्जतला सरळ गाडी मिळते, आणि मी दमलेली असायची. माझ्या प्रस्तावातली वाट एकाच बाजूने मोजलेली होती. तुमच्यावर आवाज चढवला त्या दिवशीसुद्धा ती तशीच होती, आणि नाना, तुम्हाला ते माहीत होतं. कारण त्या वाटेवरून खाली आल्याचं मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही न सांगितलेलं ऐकायचात. तरी त्या ओसरीवर तुम्ही ते बोलला नाहीत. एवढं एक वाक्य टाकलं असतंत तर मी गप्प बसले असते. तुम्ही मला बोलू दिलंत.

मग मी खाली निघाले. गुडघे दुखत होते. वळून पाहिलं तर उतारावर वाळलेल्या गवतातून एक रेघ गेलेली दिसली, फिकट, बोटभर रुंद वाटावी अशी, पण सलग. किती जणींच्या पायांची ती मला सांगता येणार नाही. आणि दगडांच्या वरच्या अंगाला, जे अंग चढताना दिसूच शकत नाही, तिथे तुमचे बाण होते. चुन्याचे, माशाच्या शेपटीचे. चढणाऱ्यासाठी ठिपके, उतरणाऱ्यासाठी बाण. एकेका दगडाशी तुम्ही दोनदा वाकला होता. कातळावर ते बाण मी चढले होते त्याच्या दुसऱ्या बाजूने गेले होते.

म्हणजे माझी जातानाची रेघ आणि येतानाची रेघ कातळावर जुळत नाही. मधे चांगलं अंतर पडतंय. खोलीवर येऊन पडद्यावर दोन्ही एकमेकींवर बसवल्या आणि मला पहिल्यांदा तुमच्यावर पूर्वीसारखं चिडता आलं. दोन्ही खोट्या. तिसऱ्यांदा जायचं.

सातवी प्रत लिहायला घेतली आहे. 'तत्कालीन' खोडलं. तिथे तुमचं नाव घातलं आहे, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे लिहिलं आहे की तुम्ही येताना चालत आला नाहीत म्हणून वाट राहिली, आणि तुम्हीच ती परत दाखवलीत. त्याखाली जाईबाईचं नाव. त्याखाली मी स्वतःबद्दल एक ओळ टाकली, की संशोधिकेनेही हीच चूक तीन वेळा केली. मॅडम ती ओळ काढायला सांगतील. काढणार नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गट नंबर तपासून घे."

पानं नऊ होती, आता साडेतीन उरली आहेत. अन्याय हा शब्द एकदाच आला आहे, नाना. तेवढा राहू द्या.

डोंगरावर ढग जमायला लागलेत. चुना पहिल्या सरीत जाईल, आणि कातळावर कुठून वळायचं ते सांगायला मग जाईबाईशिवाय कुणी उरणार नाही. म्हणून उद्याच जाते आहे. सकाळच्या जीपने कशेळ्यापर्यंत, तिथून पायी. ठिपके बघत वर, बाण बघत खाली. अंग मोडून आलं आहे आणि उद्या आणखी मोडेल.

वरच्या रस्त्यावर गाडी थांबेल. ड्रायव्हर ओळखीचा झाला आहे, हाक मारेल, "चला मॅडम, कर्जत." त्याला हात करेन, आणि वळून चालत खाली येईन.